घरातली बाई आणि पडद्यावरली बाई

नटीचे चरित्र लिहावयास बसले म्हणजे एक ठरीव साचा लेखणीपुढे आपोआप उभा राहतो. बालपणी गळा गोड, सोळाव्या-सतराव्या वर्षी कोणा दिग्दर्शकाची नजर जाते, विशीत कीर्ती, तिशीत विवाह आणि चाळिशीत निवृत्ती किंवा विस्मृती. जिच्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत, त्या श्रीमती गीतांजली कुलकर्णी यांची वाटचाल या साच्यात कोठेच बसत नाही. रंगभूमीवर उमेदीची वर्षे घालविल्यावर, ज्या वयात नटीला आईच्या, आत्याच्या दुय्यम भूमिका देऊन कोपऱ्यात बसवितात त्या वयात, त्यांचे नाव हिंदी मुलखातील आणि आपल्याकडील घराघरांत पोचले. आणि पोचले तेही एका आईच्याच भूमिकेमुळे. हे कसे घडले, आणि त्यात आपल्यासारख्या चार पिढ्या एका छपराखाली नांदणाऱ्या कुटुंबांनी विचार करण्याजोगे काय आहे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कुलीन स्त्रीने पडद्यावर यावे की नाही, या वादाने एके काळी मासिकांचे रकानेच्या रकाने भरत. दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' चित्रपटात 1913 साली दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनी काम केले, तेव्हा तो वाद सुरू झाला. 1932 साली 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या, तेव्हा तो निम्मा मिटला. आज तो वाद कोणी काढीतही नाही. परंतु त्याच्याआड एक दुसरा प्रश्न दडून राहिला होता, आणि तो अद्याप मिटलेला नाही. पडद्यावर आलेल्या स्त्रीने दाखवावयाचे काय? राणी, अप्सरा, प्रेयसी, सोशीक सून, छळणारी सासू ही पात्रे पुष्कळ झाली. सकाळी पाच वाजता उठून दुधाचे पातेले चुलीवर ठेवणारी, आणि रात्री सर्वांच्या शेवटी जेवणारी साधी बाई मात्र पडद्याच्या कडेलाच राहिली. ती ताट आणून ठेवी आणि निघून जाई.

वडील वाचकांपैकी काहींना वेब-मालिका म्हणजे नेमके काय हे ठाऊक नसेल, म्हणून थोडे विषयांतर करतो. चित्रपटगृहात नव्हे, आणि दूरचित्रवाणीच्या ठरावीक वेळीही नव्हे, तर इंटरनेटवरून हवे तेव्हा पाहावयाची ही भागश: कथा. आपल्या देशात 2014 साली 'पर्मनंट रूममेट्स' या मालिकेने या प्रकाराकडे तरुणांचे लक्ष वेधले. 2016 च्या जानेवारीत नेटफ्लिक्स कंपनी भारतात आली, डिसेंबरात अॅमेझॉनची प्राइम व्हिडिओ सेवा आली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओने इंटरनेट इतके स्वस्त केले की आमच्या चामोर्शीसारख्या वैनगंगाकाठच्या तालुक्याच्या गावीही मोबाइलवर चित्र, थांबत थांबत का होईना, हलू लागले. दूरचित्रवाणीवरील दैनिक मालिकेला रोज भाकरीसारखा एक भाग भाजावा लागतो, म्हणून पिठात पाणी वाढत जाते. वेब-मालिका पाच, सात किंवा दहा भागांत संपते. त्यामुळे लेखकाला विचार करावयास आणि नटाला तालीम करावयास सवड मिळते.

या सोयीबरोबर शिवराळ भाषा, रक्तपात आणि उघडीवाघडी दृश्ये यांचाही पूर आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. सरकारने 2021 च्या फेब्रुवारीत नियम करून सात, तेरा, सोळा अशा वयोमर्यादांच्या पायऱ्या ठरविल्या आणि निव्वळ प्रौढांसाठीचा वर्ग निराळा केला. ती खूण मालिकेच्या आरंभी लिहिलेली असते. घरातील वडील माणसांनी ती वाचण्याची सवय लावून घ्यावी. परंतु या प्रकारातील खरी अडचण मला निराळी वाटते. या मालिका ज्याने त्याने आपापल्या कानात बोंडे घालून एकेकट्याने पाहावयाच्या, अशी रीत पडून गेली आहे. एकाच ओसरीवर बसलेली पाच माणसे पाच निरनिराळ्या जगांत असतात. अशा वेळी सगळे घर एकत्र बसून पाहील, आणि मध्येच कोणाला घसा खाकरून उठून जावे लागणार नाही, अशी मालिका निघाली तर तिचे अप्रूप वाटणारच.

'गुल्लक' ही तशी मालिका आहे. गुल्लक म्हणजे पैसे साठविण्याचा मातीचा गल्ला. फळीवर ठेवलेला हा गल्लाच या मालिकेचा निवेदक. घरातील चिल्लर किस्से त्याच्या पोटात खुळखुळत असतात आणि तो ते आपल्याला सांगतो. उत्तर हिंदुस्थानातील कोणतेतरी लहानसे शहर, वीजखात्यात कारकुनी करणारे संतोष मिश्रा, त्यांची पत्नी शांती, अन्नू आणि अमन हे दोन मुलगे, आणि भिंतीला कान लावून असणारी शेजारीण, पात्रे एवढीच. 2019 साली पहिले पर्व आले. पुढे 2021, 2022 आणि 2024 साली दुसरे, तिसरे व चौथे. प्रत्येक पर्वात पाच भाग, म्हणजे चार पर्वांत मिळून वीस. खून नाही, कारस्थान नाही, सासू-सुनेचा कलहसुद्धा नाही. घरात पैसे पुरत नाहीत, थोरल्याला नोकरी लागत नाही, धाकट्याच्या परीक्षेचा घोर लागतो, एवढ्यावर कथा चालते. यांतील शांती मिश्रा म्हणजे आपल्या गीतांजलीबाई.

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शांतीच्या भूमिकेत आहार्य, म्हणजे वेषभूषा, जवळजवळ शून्य. साधी साडी, कपाळावर टिकली, केस कसेबसे बांधलेले. नजरेत भरते ते वाचिक. मराठी माणसाचे हिंदी हा उत्तरेकडे थट्टेचा विषय आहे. आपले 'ळ' आणि आपले आघात कोठेतरी डोकावतातच. परंतु ही बाई अशा ठसक्यात बोलते की कानपूर-लखनौकडील प्रेक्षकांनी तिला आपल्याच गल्लीतील मानले. शिवाय तिचे वाक्य क्वचितच पुरे होते. एक वाक्य नवऱ्यासाठी आरंभलेले, त्याच्या मध्यावर थोरल्याला एक टोमणा, आणि शेवट कढईतील भाजीला उद्देशून. हे ज्याने आपल्या घरच्या स्वयंपाकघरात ऐकले नाही असा वाचक विरळा. आणि बोलणे चालू असता हात थांबत नाहीत. पीठ मळणे, कपड्यांची घडी घालणे, भाजी निवडणे ही कामे नट बहुधा दाखविण्यापुरती करतात. चार दाणे इकडचे तिकडे करून संवादाकडे वळतात. येथे काम हेच मुख्य आणि संवाद त्याच्या ओघात येतो. घरकामाची लय ज्या शरीरात मुरलेली आहे, असे शरीर पडद्यावर आणणे हा आंगिक अभिनयाचा अवघड भाग होय.

सात्त्विक अभिनयाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी संतोषबाबूंना हृदयविकाराचा झटका येतो. एरवी दिवसभर ज्या बाईच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, ती त्या प्रसंगी पार वेगळी दिसते. रंगभूमीवर अशा वेळी हंबरडा लागतो. शेवटच्या रांगेपर्यंत दु:ख पोचवावे लागते. येथे कॅमेरा हातभर अंतरावर आहे, आणि डोळ्यांत जेवढे उमटते तेवढे पुरे होते. मोठ्या रंगमंचावर तयार झालेल्या नटाला ही मात्रा कमी करणे फार जड जाते असे जाणकार सांगतात. गीतांजलीबाईंनी ती कमी केली, पण आतला दाब तसाच राखला.

ही सिद्धी एका दिवसाची नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. त्यांचे पती श्री. अतुल कुलकर्णी हेही त्याच विद्यालयाचे. 'हे राम' आणि 'चांदनी बार' या चित्रपटांतील कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले हे वाचकांस ठाऊक असेल. 2012 साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात शेक्सपियरची सदतीस नाटके सदतीस भाषांत करण्याचा जो उत्सव झाला, त्यात अतुल कुमार यांनी बसविलेले 'पिया बहुरूपिया' हे हिंदी नाटक होते. 'ट्वेल्फ्थ नाइट'चे ते नौटंकीच्या अंगाने केलेले रूपांतर. त्यात पुरुषवेष घेणाऱ्या व्हायोलाची भूमिका गीतांजलीबाईंची होती. गाणे, नाचणे, हसविणे, आणि पुरुषाचा वेष घेतलेल्या स्त्रीने स्त्रीत्व लपवीत प्रेम करणे, असे चौपेडी काम. आपल्याकडे बालगंधर्वांच्या काळी पुरुष स्त्री होत असे. ती परंपरा उलटी फिरून शेक्सपियरच्या गावी गेली, याची मौज वाटते. पुढे मोहित टाकळकर यांच्या 'गजब कहानी' नाटकात तर त्या चक्क हत्ती झाल्या. ज्या बाईने हत्ती उभा केला तिला शांती मिश्रा काय अवघड, असे कोणी म्हणेल. मला मात्र शांतीच अधिक अवघड वाटते, कारण हत्ती कसा बोलतो हे तपासून पाहणारा प्रेक्षक नसतो, आणि आई कशी बोलते हे प्रत्येकाला ठाऊक असते.

'गुल्लक'च्या आधी ज्यांनी त्यांना ओळखले ते 'कोर्ट'मुळे. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारतातर्फे तोच पाठविण्यात आला. गटारात उतरलेल्या एका सफाई कामगाराचा मृत्यू होतो. एका लोकशाहिराच्या गाण्याने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप ठेवून त्या शाहिरावर खटला चालतो. शाहीर झाले होते आमच्या विदर्भातील, नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार. 2021 च्या एप्रिलात करोनाच्या साथीने त्यांना नेले. गीतांजलीबाई या चित्रपटात सरकारी वकील नूतन. कोर्टात ही बाई कायद्याची कलमे अशा सपाट आवाजात वाचते की जणू वाणसामानाची यादी. द्वेष नाही, आवेश नाही. एका माणसाचे आयुष्य तिच्या शब्दांवर टांगलेले आहे याची जाणीवही दिसत नाही. मग कोर्ट सुटते, ती लोकलच्या गर्दीत शेजारणीशी घरगुती गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी जाते, पदर खोचून स्वयंपाकाला लागते. प्रेक्षकाची पंचाईत होते. तिचा राग यावा तर ती आपल्या घरातली वाटते, आणि आपलेपणा वाटावा तर सकाळचे कोर्ट आठवते. या भूमिकेने जे अवघड सत्य सांगितले, ते 'गुल्लक'ने सांगितलेले नाही, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम 'कोर्ट'च.

आणि येथेच 'गुल्लक'विषयी एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. तो माझा नव्हे, आमच्या घरातून निघालेला आहे. एके रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही सर्व मंडळी ती मालिका पाहात होतो. शांतीची चिडचिड पाहून मुले पोट धरून हसत होती, मीही हसत होतो. सूनबाई मागे उभी राहून, पदराला हात पुसत, पाहात होती. ती म्हणाली, "मामंजी, त्या बाईंचं काम फार सुरेख आहे. पण त्या चार वर्षांत एकदाही निवांत बसलेल्या दिसल्या नाहीत हो." कोणी काही बोलले नाही. थोरल्या नातवाने चित्र थांबविले, आणि आमच्या सौभाग्यवतींनी सरकून सतरंजीवर जागा करून दिली.

सूनबाईच्या बोलण्यात तथ्य आहे. आईचे राबणे गोड करून दाखवावयाचे, तिच्या करवादण्याला विनोद म्हणावयाचे, आणि अखेर पार्श्वसंगीत वाजवून तिच्या त्यागाला नमस्कार करावयाचा, ही आपल्या करमणुकीची जुनी खोड आहे. 'गुल्लक' तिच्यातून पुरती सुटलेली नाही. लेखकाने शांतीला राग दिला, बुद्धी दिली, जीभ दिली. सवड दिली नाही. परंतु नटीकडे पाहिले तर निराळे दिसते. ती शांतीला सोशीक देवी होऊ देत नाही. तिचा राग खरा राग आहे, आणि तो ज्या थकव्यातून येतो तो थकवाही खरा आहे. सूनबाईला जे दिसले ते संवादांत लिहिलेले नव्हते. ते गीतांजलीबाईंच्या खांद्यांत होते. हसणाऱ्यांना हसू द्यावयाचे आणि ज्याला कळावयाचे त्याला कळू द्यावयाचे, ही दुहेरी कारागिरी विनोदी भूमिकेत फार थोड्यांना जमते. 2024 सालचा, वेब-मालिकांसाठीचा फिल्मफेअरचा विनोदी मालिकेतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना चौथ्या पर्वासाठी मिळाला, तो योग्यच होय.

त्यांना आईच्याच साच्यात अडकवून टाकतील की काय, अशी शंका येते. सुदैवाने वेब-मालिकांनी त्यांना दुसरेही काही दिले आहे. 2020 सालच्या 'ताजमहल 1989' या मालिकेत त्या लखनौच्या विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापिका आहेत; नवरा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, वीस-बावीस वर्षांचा संसार, आणि त्यात आटत चाललेला ओलावा. चाळिशी उलटलेल्या पतिपत्नींच्या प्रेमावर आपल्याकडे कोणी कथा लिहीत नसे. या मालिकेने ती लिहिली. चित्रपटवाल्यांनी मात्र त्यांच्या हाती बहुधा झाडूच दिला. 'सर' आणि 'फोटोग्राफ' या दोन्ही चित्रपटांत त्या मोलकरीण आहेत. कामे चोख झाली आहेत, तरी असा गुण हाती असता त्याला अधिक काही सोपविण्याचे सुचू नये, याचे नवल वाटते.

आमच्या झाडीपट्टीत नटीची परीक्षा निराळ्या तऱ्हेने होते. धान कापून झाले, दिवाळी सरली की वडशाहून नाटक कंपन्या निघतात, आणि होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत गावोगाव रात्रभर नाटके चालतात. या रंगभूमीवरील हजारो प्रयोगांसाठी श्री. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीला आनंद झाला. येथे थंडीत शेतातल्या मंडपात हजारो माणसे घोंगड्या पांघरून बसलेली असतात. कॅमेरा हातभर अंतरावर नसतो. नटीला हुंदकाही मंडपाच्या टोकापर्यंत फेकावा लागतो, पहाटे रंग पुसून दुसऱ्या गावची वाट धरावी लागते. खांद्यांत थकवा दाखविण्याचे कसब येथे चालावयाचे नाही. तो थकवा लपवूनच उभे राहावे लागते. कोणती कला श्रेष्ठ हा वाद मी घालीत नाही. परंतु झाडीपट्टीत आयुष्य काढलेल्या अभिनेत्रींनाही चाळिशीनंतर कोपराच वाट्याला येतो, आणि वेब-मालिकांची नजर अद्याप तेथवर पोचलेली नाही, एवढे पाहणाऱ्याला दिसते.

गीतांजलीबाईंच्या वाटचालीतील एक भाग प्रसिद्धीच्या झोतात फारसा येत नाही. मी जन्मभर शिक्षकी केलेली असल्यामुळे मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात सोनाळे येथे 'क्वेस्ट' नावाची शिक्षणसंस्था आहे. श्री. नीलेश निमकर हे तिचे संस्थापक, अतुल कुलकर्णी तिचे अध्यक्ष. या संस्थेत गीतांजलीबाईंनी 'गोष्टरंग' नावाचा उपक्रम उभा केला. तरुण नटांना निवडून शिकवावयाचे, मुलांच्या पुस्तकांतील गोष्टी त्यांच्याकडून नाट्यरूपाने बसवून घ्यावयाच्या, आणि आश्रमशाळांत, जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांचे प्रयोग करावयाचे. पडदा नाही, दिवे नाहीत. वर्गाची फरशी हाच रंगमंच.

याचे महत्त्व शहरी वाचकाला चटकन कळणार नाही. आदिवासी मूल शाळेत येते ते स्वत:ची भाषा घेऊन. तिकडे वारली, कातकरी मुलांची बोली निराळी. इकडे आमच्या एटापल्ली-भामरागडकडे माडिया आणि गोंडी. पुस्तकातील प्रमाण मराठी त्या मुलाला जवळजवळ परकी. अक्षरे ओळखू येतात, बाराखडी घडाघडा म्हणता येते, ओळीवरून बोट फिरते. पण वाचलेल्याचे चित्र मनात उमटत नाही, आणि चित्र उमटल्याखेरीज वाचनाची गोडी कशी लागावी? शिक्षक बिचारा अर्थ सांगतो, म्हणजे एका परक्या शब्दाऐवजी दुसरा परका शब्द देतो. नट ते वाक्य अंगाने बोलतो. कोल्हा दबकत कसा चालतो, म्हातारी का रागावली, पाऊस कोठून आला, हे मुलाला आधी दिसते आणि शब्द मागाहून येऊन त्या चित्राला चिकटतो. प्रयोग संपला की तेच पुस्तक मुलांच्या हाती द्यावयाचे, अशी या उपक्रमाची योजना आहे. मग मुले पाने उलटीत आपण पाहिलेला कोल्हा शोधू लागतात, आणि तो सापडला की त्याच्याखालची ओळ बोट ठेवून, अडखळत, पण मोठ्याने वाचू लागतात.